थॉमस ग्रॅहम

थॉमस ग्रॅहम (डिसेंबर १८०५, ग्लासगो – सप्टेंबर १८६९, लंडन) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. वायूंच्या विसरणाचा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. कलिल, म्हणजेच कोलॉइड, या मिश्रणप्रकाराची ओळख त्यांनी करून दिली आणि अपोहन, म्हणजेच डायलिसिस, ही पृथक्करणाची पद्धती शोधून काढली. लंडनच्या केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. आयुष्याची शेवटची चौदा वर्षे त्यांनी ब्रिटनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख म्हणून काम पाहिले.

विद्यार्थ्यांना ग्रॅहम यांचे नाव बहुधा वायूंच्या नियमामुळे ठाऊक असते. मात्र मिश्रणांचे द्रावण, कलिल आणि निलंबन असे जे तीन प्रकार शालेय पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात, त्यांतील मधला प्रकार स्वतंत्रपणे ओळखण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांच्याकडेच जाते. त्यांचे बहुतेक संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांचे सूक्ष्म कण नेमके कसे आणि किती वेगाने हलतात, हा तो प्रश्न होय.

बालपण आणि शिक्षण

ग्रॅहम यांचे वडील जेम्स ग्रॅहम हे ग्लासगोतील कापड उत्पादक होते. मुलाने स्कॉटलंडच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. थॉमस यांनी १८१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे थॉमस थॉमसन यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकल्यानंतर त्यांचा ओढा या विषयाकडे वळला. थॉमसन हे डाल्टन यांच्या अणुसिद्धांताचे खंदे पुरस्कर्ते होते. पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो ही धारणा ग्रॅहम यांच्या विचारात अखेरपर्यंत टिकून राहिली, तिचे मूळ याच वर्गात असावे.

एम.ए. झाल्यावर मुलाने धर्मशास्त्राकडे वळण्यास नकार दिला, तेव्हा वडील नाराज झाले. ग्रॅहम एडिंबरोला गेले आणि तेथे टॉमस चार्ल्स होप यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अभ्यास चालू ठेवला. या काळात वडिलांचा आधार तुटला होता. शिकवण्या आणि लेखन यांवर त्यांचा निर्वाह चाले आणि आई व बहीण यांचे पाठबळ त्यांना लाभले. आईशी त्यांचा पत्रव्यवहार नियमित होता. त्यांच्या आरंभीच्या कारकिर्दीची बरीचशी माहिती या पत्रांतूनच मिळते.

ग्लासगोला परतल्यावर १८२९ मध्ये त्यांनी कारागिरांसाठीच्या एका संस्थेत व्याख्याने देण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३० मध्ये, अँडरसन यांच्या नावाने चालणाऱ्या महाविद्यालयात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. आजचे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ हे या संस्थेचेच विकसित रूप होय. जुन्या विद्यापीठांत जाण्याची ऐपत नसलेल्या कामगार वर्गाला तिचे दरवाजे खुले होते. तेथील विद्यार्थ्यांत जेम्स यंग हा सुतारकाम करणारा तरुण होता. तो पुढे ग्रॅहम यांचा साहाय्यक झाला आणि त्यानंतर पॅराफिन तेलाच्या उद्योगातून धनाढ्य बनला. आफ्रिकेतील प्रवासांमुळे प्रसिद्धी पावलेले डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीही विद्यार्थिदशेत ग्रॅहम यांच्या वर्गात हजेरी लावली होती.

वायूंचे मिसळणे

हवा हे मिश्रण आहे की संयुग, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मतभेद होते. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड असूनही तो खाली बसत नाही. डोंगरमाथ्यावरील आणि खोऱ्यातील हवेत दोन्ही वायूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळते. यावरून काही रसायनशास्त्रज्ञांना वाटे की, या वायूंमध्ये सौम्य का होईना, पण रासायनिक बंध असला पाहिजे. डाल्टन यांचे मत वेगळे होते. कोणताही वायू दुसऱ्या वायूत आपोआप पसरतो आणि त्यासाठी रासायनिक आकर्षणाची गरज नसते, असे ते मानत. मात्र हे पसरणे किती वेगाने होते, हे कोणी मोजलेले नव्हते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती. तडा गेलेल्या काचपात्रात हायड्रोजन भरून ते पाण्यावर पालथे ठेवले, तर हळूहळू पाणी पात्रात वर चढते. ग्रॅहम यांनी हा धागा उचलला. हायड्रोजन बाहेर जातो त्याच वेळी हवा आत येते, परंतु आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणाऱ्या हायड्रोजनचे आकारमान अधिक असते, म्हणून पाणी चढते, हे त्यांच्या लक्षात आले. तडा हे मोजमापाचे साधन होऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी काचनळीचे एक टोक प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सच्छिद्र बुचाने बंद केले. या साध्या उपकरणाने त्यांनी निरनिराळे वायू तपासले आणि १८३३ मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला. वायूच्या विसरणाचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा हा नियम आहे. ऑक्सिजनची घनता हायड्रोजनच्या १६ पट आहे, म्हणून हायड्रोजन ऑक्सिजनच्या ४ पट वेगाने पसरतो. हवेच्या तुलनेत हायड्रोजनसाठी हे गुणोत्तर सुमारे ३.८ येते, आणि ग्रॅहम यांची मोजमापे त्याच्या अगदी जवळ होती.

या नियमाला सैद्धांतिक स्पष्टीकरण नंतर मिळाले. वायूंच्या गतिज सिद्धांतानुसार एकाच तापमानाला सर्व वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा समान असते, म्हणून हलके रेणू अधिक वेगाने धावतात. पातळ पत्र्याच्या अतिसूक्ष्म छिद्रातून वायू निर्वातात निसटतो, तेव्हा हा नियम काटेकोरपणे लागू पडतो. दोन वायू एकमेकांत प्रत्यक्ष मिसळत असताना रेणूंच्या परस्पर टकरींमुळे परिस्थिती अधिक गुंतागुंतीची होते. छिद्रातून निसटणे, लांब केशनळीतून वाहणे आणि परस्परांत पसरणे या तिन्ही क्रिया वेगळ्या असल्याचे ग्रॅहम यांनी स्वतःच १८४६ पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिले. पाठ्यपुस्तकांत मात्र हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

या नियमातून मिश्रण वेगळे करण्याची एक युक्तीही निघाली. वायूंचे मिश्रण सच्छिद्र नळीतून सोडले तर हलका घटक नळीच्या भिंतीतून अधिक प्रमाणात बाहेर पडतो. ग्रॅहम यांनी यासाठी तंबाखू ओढण्याच्या मातीच्या चिलमीची लांब नळी वापरली. पुढे १८६६ मध्ये त्यांनी रबराच्या पातळ पडद्यातून हवा शोषून पाहिली. पलीकडे मिळालेल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण ४१.६ टक्के भरले, म्हणजे नेहमीच्या हवेतील प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट. विझत आलेली लाकडाची काडी त्या हवेत पुन्हा पेटत असे. येथे मात्र रबर हे चाळणीप्रमाणे वागत नव्हते. वायू रबरात प्रथम विरघळतो आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो, हे ग्रॅहम यांनी ओळखले. म्हणूनच जड असूनही ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा अधिक वेगाने पार होत होता. हवेतील वायू पटलांच्या साहाय्याने वेगळे करण्याच्या आजच्या उद्योगाचा उगम या प्रयोगात सापडतो.

विसाव्या शतकात या नियमाचा एक उपयोग ग्रॅहम यांच्या कल्पनेपलीकडचा ठरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ओक रिज येथे युरेनियमची दोन समस्थानिके वेगळी करण्यासाठी युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू सच्छिद्र पडद्यांतून पुनःपुन्हा पाठवण्यात आला. दोन प्रकारच्या रेणूंचे वस्तुमान ३४९ आणि ३५२ असल्याने त्यांच्या वेगांचे गुणोत्तर केवळ १.००४३ येते. इतक्या अल्प फरकामुळे हजारो टप्प्यांची मालिका उभारावी लागली.

फॉस्फरिक आम्ले

ग्रॅहम यांनी १८३३ मध्येच फॉस्फेट आणि आर्सेनेट या लवणांवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. फॉस्फरिक आम्लाचे तीन प्रकार त्यांतील पाण्याच्या प्रमाणामुळे भिन्न ठरतात आणि त्या पाण्याची जागा धातूचे ऑक्साइड घेऊ शकते, असे त्यांनी दाखवले. बहुअल्कधर्मी आम्लांची संकल्पना येथून रुजली आणि लीबिग यांनी ती सेंद्रिय आम्लांपर्यंत नेली. १८३६ मध्ये ग्रॅहम रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

लंडनमधील वर्षे

एडवर्ड टर्नर यांच्या निधनानंतर १८३७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे ग्रॅहम यांची प्राध्यापकपदी निवड झाली. ते प्रभावी वक्ते नव्हते. बोलताना ते अडखळत, मात्र त्यांच्या व्याख्यानांची आखणी चोख असे. त्यांचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ युरोपात मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. १८४१ मध्ये केमिकल सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

या काळात शासन आणि उद्योजक त्यांच्याकडे वारंवार सल्ला मागत. त्यांपैकी बरीचशी प्रकरणे मिश्रणांचीच होती, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही, कारण भेसळ हा त्या शतकातील लंडनचा ज्वलंत प्रश्न होता. लंडनच्या पाणीपुरवठ्याच्या गुणवत्तेवर त्यांनी हॉफमन आणि मिलर यांच्यासह अहवाल दिला. कॉफीच्या पुडीत चिकोरी मिसळली आहे किंवा नाही, हे ओळखण्याच्या पद्धतीही त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यासल्या. चिकोरीचा काढा कॉफीच्या काढ्यापेक्षा अधिक घन आणि गडद असतो, या साध्या भौतिक फरकाचा त्यांत आधार घेतला होता. इंग्लंडमधील कडवट बिअरमध्ये स्ट्रिकनीन हे विष घातले जाते, अशी अफवा १८५२ च्या सुमारास पसरली, तेव्हा ग्रॅहम आणि हॉफमन यांनी हाडांच्या कोळशाने विष शोषून घेण्याची पद्धत वापरून बिअर तपासली आणि ती निर्दोष ठरवली.

मेथिलेटेड स्पिरिटची कथा याहून अधिक लक्षणीय आहे. मद्यावरील जबर करामुळे ब्रिटिश कारखानदारांना आणि रसायनशाळांना शुद्ध अल्कोहोल परवडत नसे. कर माफ करावा तर तेच अल्कोहोल पिण्यासाठी विकले जाण्याची भीती होती. तेव्हा अल्कोहोलात असा पदार्थ मिसळणे आवश्यक होते, जो औद्योगिक उपयोगाला बाध आणणार नाही, ज्याने ते पिण्यास अयोग्य होईल आणि जो सहजासहजी वेगळा काढता येणार नाही. मिश्रणाचे घटक भौतिक पद्धतींनी वेगळे करता येतात, हा सर्वसाधारण नियम आहे. येथे नेमके उलटे साधायचे होते. ग्रॅहम, हॉफमन आणि रेडवुड यांच्या समितीने लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा कच्चा नॅप्था १० टक्के प्रमाणात मिसळण्याची शिफारस केली. त्यातील मेथिल अल्कोहोलचा उत्कलनबिंदू साध्या अल्कोहोलच्या उत्कलनबिंदूच्या जवळ असल्याने ऊर्ध्वपातनाने ते पूर्णपणे काढणे अवघड होते आणि नॅप्थातील इतर द्रव्यांमुळे मिश्रणाला किळसवाणी चव येई. १८५५ मध्ये असे स्पिरिट करमुक्त झाले.

द्रावण आणि कलिल

वायूंनंतर ग्रॅहम द्रवांकडे वळले. रुंद तोंडाच्या बरणीत मिठाचे द्रावण भरून ती पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात अलगद ठेवावयाची, कित्येक दिवस हलवावयाची नाही, आणि मग बाहेरच्या पाण्यात किती मीठ उतरले ते पाणी आटवून तोलावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. या कामावर त्यांनी १८४९ मध्ये रॉयल सोसायटीचे बेकर व्याख्यान दिले. आकड्यांची मोठी रास जमली, तरी त्यांतून सर्वसाधारण गणिती नियम त्यांना काढता आला नाही. तो १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी उष्णतावहनाच्या साम्यावरून मांडला. ग्रॅहम हे मूलतः प्रयोगकर्ते होते आणि गणिताचा आधार त्यांनी क्वचितच घेतला, ही त्यांची मर्यादा येथे स्पष्ट दिसते.

परंतु त्या आकड्यांतच दुसरे काही दडले होते. समान प्रमाणात पसरण्यास निरनिराळ्या पदार्थांना लागणारा वेळ त्यांनी १८६१ च्या निबंधात नोंदवला. हायड्रोक्लोरिक आम्लाला लागणारा वेळ १ मानला, तर साध्या मिठाला २.३३, साखरेला ७, अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या अल्ब्युमिनला ४९ आणि जाळलेल्या साखरेच्या कॅरमेलला ९८ इतका वेळ लागतो. मीठ आणि साखर यांचे स्फटिक बनतात, तर अल्ब्युमिन, डिंक, सरस, स्टार्च, कॅरमेल यांचे बनत नाहीत. हे पदार्थ पाण्यात मिसळले तर वरवर पाहता द्रावणासारखेच दिसतात. ते गाळणकागदातून आरपार जातात, तळाशी बसत नाहीत, मात्र त्यांचे विसरण अतिशय मंद असते. सरसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ग्रॅहम यांनी या वर्गाला कोलॉइड असे नाव दिले आणि वेगाने पसरणाऱ्या पदार्थांना क्रिस्टलॉइड, म्हणजे स्फटिकाभ, म्हटले.

दोहोंचे मिश्रण वेगळे कसे करावे, याचे उत्तरही त्याच निबंधात होते. लाकडाच्या किंवा गटापर्चाच्या कड्यावर चर्मपत्रासारखा कागद डफाच्या कातड्याप्रमाणे ताणून बसवावयाचा, त्यात मिश्रण ओतावयाचे आणि ते पाण्यावर तरंगत ठेवावयाचे. साखर आणि डिंक यांच्या मिश्रणावर त्यांनी पडद्याचा प्रयोग केला, तेव्हा २४ तासांत तीन चतुर्थांश साखर पलीकडच्या पाण्यात उतरली आणि डिंक आतच राहिला. या क्रियेला त्यांनी डायलिसिस हे नाव दिले. मूत्र अशा पडद्यावर ठेवले असता युरिया बाहेरच्या पाण्यात येतो, हेही त्यांनी दाखवले. दूध, रक्त यांसारख्या द्रवांत मिसळलेले आर्सेनिक वेगळे काढून ओळखण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडेल, याकडे त्यांनी लक्ष वेधले. विषप्रयोगाच्या खटल्यांच्या त्या काळात या सूचनेला निश्चितच महत्त्व होते.

या पद्धतीने त्यांनी सिलिकेच्या द्रावणातून मीठ काढून टाकले आणि शुद्ध सिलिसिक आम्लाचे पाण्यासारखे स्वच्छ कलिल मिळवले. काही काळाने ते आपोआप थिजे. प्रवाही अवस्थेसाठी सोल आणि थिजलेल्या अवस्थेसाठी जेल हे शब्द त्यांनी १८६४ मध्ये योजले. ते आज प्रयोगशाळेबाहेरही रूढ आहेत.

ग्रॅहम हे कलिलांचे पहिले निरीक्षक नव्हते. इटलीतील फ्रांचेस्को सेल्मी यांनी १८४० च्या दशकात आभासी द्रावणांचे वर्णन केले होते, आणि मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याची माणकासारखी लाल कलिले बनवून त्यांतून प्रकाशाचा झोत सोडला होता. तथापि या विखुरलेल्या निरीक्षणांना एका वर्गाखाली आणणे, त्याची मोजता येईल अशी कसोटी देणे आणि वेगळे काढण्याचे साधन उपलब्ध करणे ही कामगिरी ग्रॅहम यांचीच होय.

त्यांची एक धारणा मात्र टिकली नाही. कलिल आणि स्फटिकाभ हे द्रव्याचे जणू दोन भिन्न विश्व आहेत, असे त्यांच्या लेखनातून सूचित होते. वस्तुतः सिलिका गारगोटीच्या रूपात स्फटिकी, तर जेलच्या रूपात कलिल असते, हे उदाहरण त्यांच्यापुढेच होते, आणि कलिल ही एक अवस्था आहे असेही त्यांनी म्हटले होते. दोन्ही मतांमधील विसंगती त्यांनी सोडवली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी असे सिद्ध झाले की, योग्य परिस्थितीत जवळजवळ कोणताही पदार्थ कलिल अवस्थेत आणता येतो. साध्या मिठाचेही, ते ज्यात विरघळत नाही अशा द्रवात, कलिल बनते. फरक पदार्थाच्या जातीचा नसून कणांच्या आकाराचा असतो. साधारणपणे १ नॅनोमीटरहून लहान कणांचे द्रावण होते, १ ते १००० नॅनोमीटरच्या कणांचे कलिल आणि त्याहून मोठ्या कणांचे निलंबन. या सीमाही काटेकोर नाहीत. दूध, धुके, धूर, रक्त, शाई ही सर्व कलिलाची उदाहरणे होत. त्यांतील कण इतके मोठे असतात की ते प्रकाश विखुरतात, आणि इतके लहान की ते खाली बसत नाहीत. द्रावण समांगी आणि निलंबन विषमांगी असते, तर कलिल डोळ्यांना समांगी व सूक्ष्मदर्शी विचाराने विषमांगी ठरते. रिशार्ट झिगमोंडी यांनी अतिसूक्ष्मदर्शकाने हे कण प्रत्यक्ष दाखवले आणि कलिलांच्या विषमांगी स्वरूपावरील कार्यासाठी त्यांना १९२५ सालचा नोबेल पुरस्कार मिळाला.

रक्तातील प्रथिने पडद्याआड राहतात आणि युरिया बाहेर पडतो, या तत्त्वाचा वैद्यकीय उपयोग होण्यास दीर्घ काळ लागला. अमेरिकेतील जॉन एबल यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या रक्तावर असा प्रयोग केला. जर्मन अंमलाखालील नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या वापरून कृत्रिम मूत्रपिंड बनवले आणि १९४३ पासून रुग्णांवर वापरले. आरंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री या उपचाराने वाचली. ग्रॅहम यांचा शब्द आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या पाटीवर दिसतो, पण तो त्यांनी घडवला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

टांकसाळ आणि अखेरची वर्षे

सर जॉन हर्शेल यांच्यानंतर १८५५ मध्ये ग्रॅहम शाही टांकसाळीचे प्रमुख झाले आणि त्यांनी प्राध्यापकपद सोडले. हे पद पूर्वी न्यूटन यांनी भूषवले होते. ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर ते अर्थमंत्र्यांकडे नाममात्र सोपवण्यात आले. त्यांच्या कारकिर्दीत, १८६० मध्ये, ब्रिटनची जड तांब्याची नाणी जाऊन ९५ भाग तांबे, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त यांच्या मिश्रधातूची कांस्य नाणी चलनात आली. आरंभीची काही वर्षे प्रशासकीय कामात गेली. तरीही कलिलांवरील सारे प्रमुख संशोधन त्यांनी याच पदावर असताना केले.

अखेरच्या काळात पॅलेडियम धातू हायड्रोजन मोठ्या प्रमाणात शोषून घेतो, या घटनेने त्यांचे लक्ष वेधले. धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन सामावू शकतो, असे त्यांना आढळले. हायड्रोजन हा मुळात एखाद्या धातूची वाफ असावा आणि पॅलेडियमशी त्याचा मिश्रधातू बनत असावा, असा त्यांचा कयास होता. त्यांनी या मिश्रधातूची लहान पदके पाडून घेतली व ती सहकाऱ्यांना पाठवली. हा कयास पुढे मान्य झाला नाही, मात्र धातूंत हायड्रोजन साठवण्याच्या अभ्यासाचा आरंभ या प्रयोगांपासूनच मानला जातो.

ग्रॅहम अविवाहित होते. त्यांना रॉयल पदक दोनदा आणि १८६२ मध्ये कोप्ली पदक मिळाले. सप्टेंबर १८६९ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि ग्लासगोच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना पुरण्यात आले. त्यांचे शोधनिबंध जेम्स यंग आणि रॉबर्ट अँगस स्मिथ यांच्या पुढाकाराने १८७६ मध्ये एकत्र छापले गेले. ग्लासगोच्या जॉर्ज चौकातील त्यांचा बसलेला पुतळा विल्यम ब्रोडी यांनी घडवला. त्याचा खर्च त्यांच्या त्याच जुन्या विद्यार्थ्याने, जेम्स यंग यांनी, उचलला होता.